दहा पौंड भाड्याचे बेट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असे संपादक मंडळाने मला सांगितले. पंचवीसपैकी अकरा वर्षे मी खजिनदार होतो, म्हणून बहुधा हे काम माझ्या वाट्याला आले. पण लिफ्ट कधी बसली, गच्चीचे वॉटरप्रूफिंग किती वेळा केले आणि तरी किती वेळा गळले, हे सगळे वार्षिक अहवालांत छापलेले आहे. ते पुन्हा लिहून सभासदांचा अंत पाहण्यात अर्थ नाही. इतिहास मी लिहिणार आहे, पण तो दुसऱ्या एका वसाहतीचा. तीही भाडेपट्ट्याच्या जागेवर उभी राहिली. तिथेही जमिनीच्या कागदपत्रांचा घोळ होता, रहिवासी धास्तावलेले होते आणि कमिटीकडे पैसा नव्हता. त्या वसाहतीचे नाव मुंबई. तिचा आपल्याशी काय संबंध, ते शेवटी सांगतो.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षे फोर्टातल्या शाखेत, कर्ज विभागात गेली. तारण म्हणून येणाऱ्या मिळकतींचे टायटल तपासणे हे रोजचे काम. त्या कागदांत काही विचित्र शब्द यायचे. गिरगाव-परळकडची जमीन ‘फजेंदारी’ असायची. कुठे धारणाप्रकार म्हणून ‘पेन्शन अँड टॅक्स’ लिहिलेले असायचे. कुठे ‘फोरास’. नवीन होतो तेव्हा वाटले, कोणा निवृत्त माणसाची पेन्शन या जमिनीवर चढलेली दिसते. बँकेच्या पॅनेलवरचे एक वयस्कर वकील होते, ते हसले. म्हणाले, “अहो, ही पेन्शन सरकारी नोकराची नाही, ही पोर्तुगीज भाषेतली. तीनशे वर्षांपूर्वीचा हप्ता आहे हा.” तिथून मला या विषयाचा नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपला की मी हॉर्निमन सर्कल, टाऊन हॉल, सेंट थॉमस चर्च असा चालत फिरायचो आणि घरी येऊन गॅझेटियर वाचायचो. आमच्या हिचे म्हणणे असे, की लोक फोर्टातून स्वस्त शर्ट आणतात आणि तुम्ही सनावळ्या आणता.

तर सुरुवात १५३४ पासून. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या धास्तीने अडचणीत होता. त्याने त्या वर्षी तह करून वसई आणि तिच्या अखत्यारीतली बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यात मुंबईची बेटेही गेली. पोर्तुगीजांनी वसईला मोठे दगडी शहर बांधले आणि मुंबई आपल्या लोकांना खंडाने लावून दिली. जमीन धारण करणाऱ्याने सरकारला ठरावीक वार्षिक रक्कम द्यायची, तिला ‘फोरो’ म्हणत. आपला ‘फोरास’ तो हाच, फोरास रोडच्या नावात अजून टिकून असलेला.

मुंबई बेटाचा एक खंडकरी मोठा विद्वान होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आज नौदलाच्या ताब्यात असलेल्या जुन्या मुंबई किल्ल्याच्या जागी त्याचे घर आणि बाग होती. पण हा माणूस मूळच्या ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. ज्या राज्यात मेलेल्या माणसालाही स्वस्थता नाही, तिथे जिवंत माणूस भांडवल घेऊन कशाला येईल? वसईत चर्चे उभी राहिली, वाडे उभे राहिले. मुंबई मात्र माडांची आणि मासळीचीच राहिली.

मग १६६१ सालचा तो प्रसिद्ध लग्नाचा करार. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली. आंदण कागदावर मिळाले, ताबा मात्र मिळेना! फ्लॅटचे अ‍ॅग्रीमेंट झाले पण बिल्डर किल्ली देत नाही, असला प्रकार. इंग्रजांचे आरमार १६६२ साली मुंबईच्या दारात आले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो याने हरकती काढल्या. कागदात त्रुटी आहेत, बेटे नेमकी कोणती ते स्पष्ट नाही, वगैरे. त्याला पुढचे दिसत होते. इंग्रज मुंबईत बसले की आपले इथले राज्य संपले, असे त्याने आपल्या राजाला कळवले होते. ताब्याची वाट पाहत अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर कुजत पडले. शिपमन तिथेच १६६४ साली मेला, बहुतेक शिपाईही तापाने मेले. अखेर १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुक याने उरल्यासुरल्या माणसांनिशी मुंबईचा ताबा घेतला.

राजाला हे बेट परवडेना. उत्पन्न थोडे, खर्च फार. त्याने २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडे किती? वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मोठ्याने हसलो. आम्हा बँकवाल्यांची सहामाही क्लोजिंगची तारीखही तीच!

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. जेराल्ड ऑन्जियर. सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर, १६६९ ते १६७७. त्याच्या हाती काय आले? सात बेटांत भरतीचे पाणी शिरून झालेली दलदल, मोडका कोट, वेळेवर पगार नसलेले शिपाई. हवा इतकी वाईट, की युरोपियन माणसाचे इथले आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी त्यांच्यात म्हण पडली. समुद्रात डच, जंजिऱ्याला सिद्दी, पलीकडच्या किनाऱ्यावर मराठ्यांची वाढती सत्ता. आणि लंडनचे संचालक प्रत्येक पैशाचा हिशेब मागणारे. हेड ऑफिस म्हणजे काय असते, ते मला नवीन सांगायला नको.

अशा वेळी सामान्य अधिकारी काय करील? तटबंदी वाढवा, तोफा मागवा, असे लिहील. ऑन्जियरने कोटाचे कामही केले. १६७३ साली डच आरमार चालून आले तेव्हा तो तयारीनिशी उभा राहिला आणि डच परत गेले. पण त्याचे खरे काम दुसरेच. त्याने माणसांना लेखी हमी दिली.

बेटावर सर्वांत मोठी भीती जमिनीची होती. पोर्तुगीज अमदानीतले धारक, त्यांनाच पुढे फजेंदार म्हणू लागले, आपापल्या वाड्या-शेते धरून बसले होते. राज्य बदलल्यावर नवे अधिकारी विचारू लागले, तुमचा कागद दाखवा. कित्येकांकडे धड कागद नव्हता. जमीन राजाची म्हणून काढून घेणार, अशी धास्ती पसरली. तंटे वाढले. १६७२ च्या नोव्हेंबरात ऑन्जियरने जमीनधारकांपुढे तडजोड ठेवली. सर्वांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० अश्रफी द्याव्यात आणि त्या बदल्यात कंपनीने त्यांच्या जमिनींवरचा कब्जा कायम मानावा. जुने उकरून काढायचे नाही. हा करार १६७४ च्या जुलैत पक्का झाला. ती वार्षिक रक्कम म्हणजे पोर्तुगीजांची ‘पेन्सांव’, आणि आमच्या वकीलसाहेबांची ‘पेन्शन’. तीनशे वर्षे उलटून गेली तरी मी कर्जाच्या फायलीत त्या कराराची खूण पाहत होतो. कागद नीट केला की तो माणसांपेक्षा जास्त जगतो.

दुसरी हमी न्यायाची. १६७२ साली मुंबईत इंग्रजी कायद्याचे न्यायालय सुरू झाले, जॉर्ज विलकॉक्स हा पहिला न्यायाधीश. जातीजमातींचे आपसातले तंटे त्यांच्या त्यांच्या पंचायतींनी मिटवावेत अशीही व्यवस्था केली. तिसरी हमी नाण्याची. मुंबईची टांकसाळ सुरू झाली. सोन्याचे नाणे कॅरोलिना, चांदीचे अँग्लिना, तांब्याचे कॉपरून आणि कथलाचे टिनी. नावे गमतीची आहेत, पण बाजारात खात्रीचे चलन असणे ही गंमत नव्हे.

चौथी हमी धर्माची. दीवचा व्यापारी नीमा पारख मुंबईत येऊ इच्छित होता. त्याने आधी अटी घातल्या. आमच्या घरात आमच्या धर्माप्रमाणे वागू द्यावे, आमच्या आवारात कोणी प्राणी मारू नये, आमच्या प्रेतांना अग्नी देऊ द्यावा, कोणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती नको. कंपनीने १६७७ साली हे मान्य केले. ओर्ताच्या अस्थी आठवा, म्हणजे या साध्या वाटणाऱ्या अटींचे मोल कळेल. पारशांना मलबार टेकडीवर दखम्यासाठी जागा मिळाली, तीही ऑन्जियरच्याच काळात. पुढे १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आला आणि मुंबईची गोदी त्याच्या घराण्याने नावारूपाला आणली. वाडियांनी १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आज दोनशे वर्षांनीही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

कोणी म्हणेल, साहेब, तुम्ही इंग्रजांचे गुणगान करता आहात. तसे नाही. कंपनी धर्मादाय संस्था नव्हती. व्यापारी आले तर जकात मिळेल, एवढाच तिचा हिशेब. आणि त्याच काळात समोरच्या किनाऱ्यावर काय चालले होते ते विसरून चालणार नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्या समारंभाला मुंबईहून ऑन्जियरचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन हजर होता. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराच्या सवलती, यांसाठी तो कलमांची यादी घेऊन गेला होता. बरीच कलमे मान्य झाली. पण फुटून किनाऱ्याला लागलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत द्यावा, हे कलम महाराजांकडून मान्य झाले नाही. कोकणच्या किनाऱ्याचा तसा रिवाज नाही, असे उत्तर मिळाले. त्यानंतर महिन्याभराने मुंबईचा जमीन-करार पक्का झाला. एका पावसाळ्याच्या तोंडावर खाडीच्या दोन्ही बाजूंना दोन सत्ता आपापले कायदे बसवीत होत्या. मला हा योगायोग फार मोठा वाटतो.

ऑन्जियर ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारला. त्याच्यानंतर चढउतार खूप झाले. १६८९ मध्ये सिद्दीने बेटात घुसून कोटाला वेढा घातला. पण वसाहत मोडली नाही. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले, त्या चर्चकडचा कोटाचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. आपण रोज लोकलने ज्या दरवाजाला जातो तो दरवाजा १८६० नंतरच्या पाडापाडीतच गेला. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती उतरवल्या. म्हणजे बघा, भिंती पडल्या आणि करारातले शब्द राहिले.

इथेच लेख संपवला असता तर छान झाले असते. पण हिशेबाला दोन बाजू असतात. १६७४ चा करार जमीनधारकांशी होता. ज्यांच्याकडे जमीन होती, निदान तिच्यावर हक्क सांगण्यासारखा पुरावा होता, त्यांच्याशी. त्यांच्या शेतांत राबणारी माणसे त्या करारात पक्षकार नव्हती. आणि पोर्तुगीज, इंग्रज कोणीच नव्हते तेव्हापासून जे इथे जाळी टाकीत होते, ते कोळी? ज्या मुंबादेवीवरून शहराचे नाव पडले ती कोळ्यांची देवी. तिचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात कोटाच्या कामासाठी ते तिथून हलवावे लागले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकरांची झोप उडाली. व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणला गेला. पुढे तोफांना मारा करायला मोकळी जागा हवी म्हणून तटाबाहेरची घरे आणि माडांच्या वाड्या टप्प्याटप्प्याने साफ केल्या. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्या मोकळ्या जागेची आजची नावे. आपण तिथे क्रिकेट बघायला थांबतो. तिथे एके काळी कोणाची तरी चूल होती, हे लक्षात येत नाही.

हमी मिळणाऱ्यांची यादी वाढायला फार वेळ लागला. १८९६ च्या प्लेगने चाळींतल्या कोंदट खोल्यांत हजारो माणसे नेली, तेव्हा कुठे १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यानंतरच्या. आणि १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली. मुंबई इलाख्यातली ही पहिली गृहनिर्माण संस्था. सरकारकडून, घरमालकाकडून हमी मिळण्याची वाट न बघता भाडेकरूंनी एकमेकांनाच लेखी हमी दिली. आपली सोसायटी त्या घराण्यातली, हे आपण अभिमानाने सांगायला हवे.

आता आपल्याकडे वळतो. आपण पंचवीस वर्षांपूर्वी ठाण्यात राहायला आलो. इमारत आपली, पण जमीन विकासकाच्याच नावावर राहिली. कन्व्हेयन्ससाठी आपण किती पत्रे लिहिली, त्यांची फाइल माझ्याकडे आहे, दोन किलो वजनाची. शेवटी गेल्या वर्षी मानीव अभिहस्तांतरण झाले. त्या कामासाठी मी तलाठी कार्यालयातून जुने सातबारे आणि फेरफार काढून आणले. एका जुन्या उताऱ्यावर कूळ म्हणून एक नाव होते. आडनाव ओळखीचे वाटले.

जुन्या सभासदांना आपली कोळीण मावशी आठवत असेल. पहिली काही वर्षे ती पाटी घेऊन आवारात बदामाच्या झाडाखाली बसायची. मग वास येतो, मांजरे जमतात, अशा तक्रारी आल्या. कमिटीने ठराव केला, फेरीवाल्यांनी गेटच्या आत बसू नये. नोटिशीवर सही माझी होती. मीच तिला सांगायला गेलो. ती भांडली नाही. पाटी उचलता उचलता एवढेच म्हणाली, “साहेब, तुमची गारी उभी हाय ना, तेच जाग्यावर आमचा खला व्हता.” खला म्हणजे खळे. मला वाटले, सगळेच असे म्हणतात. मी कागद मागणारा माणूस. कागदाशिवाय काही मानायचे नाही, ही छत्तीस वर्षांची सवय.

आणि गेल्या वर्षी कागद माझ्या हातात आला. ते नाव तिच्या सासऱ्याचे होते. मी चौकशी केली. पुढच्या फेरफाराने ते नाव कमी झालेले आहे. व्यवहार कायदेशीर आहे, त्यात आपल्या सोसायटीचा काही दोष नाही, कोणी घाबरून जाऊ नये. आपले टायटल स्वच्छ आहे. पण मावशी खोटे बोलत नव्हती, आणि मी तिला गेटबाहेर बसवले होते. ती आता नाही. तीन वर्षांपूर्वी गेली. तिची सून गेटबाहेर, गटाराच्या झाकणावर बसते. तिला मी अजून काही बोललो नाही. बोलायला गेलो की शब्द आठवत नाहीत.

ऑन्जियरकडे सात बेटांची दलदल होती, तरी त्याने आलेल्यांना जागा दिली. जे आधीपासून होते त्यांच्याशी करार करायचा राहून गेला, आणि ती थकबाकी मुंबई अजून फेडते आहे. आपली थकबाकी लहान आहे. तीन फूट बाय चार फूट. म्हणून पुढच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. सकाळी आठ ते अकरा, बदामाच्या झाडाखाली, तिच्या सुनेला बसू द्यावे. शेजारी नळ आहे, जागा धुऊन जाण्याची अट घालू. भाडे घ्यायचेच असेल तर वर्षाला दहा रुपये घ्या, देय तारीख ३० सप्टेंबर. फक्त हे तोंडी नको. इतिवृत्तात लिहून, सचिवांच्या सहीने हवे. कमिट्या बदलतात, माणसे जातात. मीही सत्त्याहत्तरचा आहे.

अनुमोदनासाठी एक सभासद हवा आहे. पहिल्या मजल्यावर माझे दार उघडेच असते.